येते म्हणून गेलेली

१

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची कच्ची रसायनं बनवणारा एक कारखाना होता आणि त्यातली कॉम्प्युटरची खोली चार वर्षं रंजिता सांभाळत होती. प्रयोगशाळेच्या वर, एसी लावलेली, चपला बाहेर काढून आत जायची खोली. खालचे केमिस्ट नवा रेणू कसा दुमडेल, कशाला चिकटेल याची गणितं मांडायचे, आणि ती सोडवणं इथल्या यंत्रांच्या बापाला जमलं नसतं. ती पुण्याला, तिथल्या महासंगणकाकडे पाठवावी लागत. आधी फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती जायची. मग टेलिफोनची तार आली. मोडेम किंचाळत किंचाळत पुण्याशी जुळायचा आणि त्यापुढे रंजिताला पाठ असलेल्या चाळीसेक आज्ञा एकामागून एक टाइप कराव्या लागायच्या.

पुण्याच्या यंत्रावर अख्ख्या कारखान्याचं एकच खातं होतं, आणि त्याचं नाव होतं 'रंजिता'. मोठे साहेबसुद्धा दारात येऊन "झालं का?" विचारायचे, आणि ती मान न वळवता "होतंय" म्हणायची. त्या 'होतंय'वर ती चार वर्षं जगली, असं म्हटलं तरी चालेल.

दोन हजार एकच्या जूनमध्ये संजीवनी आली. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. आई साळूबाई म्हशी राखायची. बावीस वर्षांची पोर, होस्टेलात राहून डिप्लोमा केलेली, बोलणं अजून वाडीवरचंच. तिनं दोन महिन्यांत जावा नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. जावाची खुबी अशी, की एकदा लिहिलेलं कुठल्याही यंत्रावर चालतं. गेटवरचं खटारा मशीन असो नाहीतर साहेबांचा नवा लॅपटॉप, त्याला यंत्र कुणाचं याच्याशी काही देणंघेणं नसतं. आता कुठलाही केमिस्ट आपल्या जागेवरून एक बटण दाबायचा आणि त्याचं गणित पुण्याला पोचायचं. चाळीस आज्ञांची गरज संपली. रंजिताला "झालं का?" विचारायची गरजही संपली.

रंजिताची आई जानकीबाई काकरतळ्याजवळ घरातच खानावळ चालवायची. पहिल्या पाळीचे कामगार तिच्या हातचं जेवून जायचे. नवऱ्यामागं तिनं एकटीनं पोरीला शिकवलं होतं, आणि त्या शिकवण्यात कौतुकाला कुठं जागा नव्हती. रंजितानं एकदा ताटावर बसून सांगितलं, की ती नवीन आलेली मुलगी जावा आणतेय.

"अजून नवऱ्याचा पत्ता नाय, आन् जावा कसल्या आनतेस गो?" जानकीबाई म्हणाली, आणि जेवायला बसलेली चारही माणसं हसली.

एका रविवारी संजीवनी घरी जेवायला आली. तिनं न सांगता पानं उचलली, खरकटं काढलं. ती गेल्यावर जानकीबाई दारात उभी राहून तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत म्हणाली, "पोर गुनाची हाय." रंजितानं अठ्ठावीस वर्षांत स्वतःबद्दल हे वाक्य ऐकलं नव्हतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ती मोरीत जाऊन भांडी आपटत राहिली.

२

संजीवनीच्या प्रोग्रामला तीन बटणं होती. त्यांवरचे शब्द मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. 'पाठव', 'बघ' आणि काम संपवून बाहेर पडायला 'येते'.

"बाहेर पडताना येते कसं? जाते पाहिजे," रंजिता सगळ्यांसमोर म्हणाली. तेवढीच चूक तिला काढता आली होती.

"जाते म्हनू नाय गो ताय," संजीवनी हसून म्हणाली. "घरातनं निघताना कोन जाते म्हनतं? आमची आय फोडून काढील."

केमिस्ट मंडळी हसली. प्रयोगशाळेचे प्रमुख अजमल सर तर म्हणाले, की असा माणसांसारखा बोलणारा प्रोग्राम त्यांनी बघितला नाही. ते मूळचे महाडचेच, मितभाषी गृहस्थ. त्यांच्या तोंडून चार चांगले शब्द निघणं म्हणजे मोठी गोष्ट होती.

गणपतीनंतर त्याच अजमल सरांनी सांगितलं, की पुण्याच्या संगणक केंद्राला कारखान्याकडून एक माणूस हवा आहे, दोन वर्षांसाठी, थेट महासंगणकावर काम करायला. कोणाला पाठवायचं ते दिवाळीआधी ठरेल. हे सांगताना त्यांनी संजीवनीकडे बघितलं. निदान रंजिताला तसं दिसलं.

त्या संध्याकाळी रंजितानं संजीवनीचा प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून घेतला. वाईट वाटलं का? वाटलं, पण फार नाही. खातं आपल्या नावाचं आहे, तर प्रोग्रामही आपल्या नावाचा असायला काय हरकत आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली. तिनं वर आपलं नाव घातलं, रंग बदलले, आणि तो आपलाच वाटावा म्हणून आतल्या काही ओळी इकडच्या तिकडे केल्या. 'येते' या बटणाच्या पोटात सहा-सात ओळी होत्या, तिकडची बैठक, म्हणजे सेशन, मिटवा, दार बंद करा, मग तार सोडा अशा अर्थाच्या. त्या तिला नीट कळल्या नाहीत, म्हणून तिनं काढून टाकल्या. उरला फक्त शब्द. आता बटण दाबलं की पुण्याच्या यंत्राला 'येते' एवढंच कळायचं आणि इकडून फोन तुटायचा.

प्रोग्राम चालला. रंजितानं तो अजमल सरांना 'माझी सुधारलेली आवृत्ती' म्हणून दाखवला. संजीवनी शेजारीच उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं, मग रंजिताकडे, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या न भांडण्याचाही रंजिताला रागच आला.

३

पुण्याच्या यंत्राची एक सवय होती. आत शिरलं, की पहिल्या ओळीत ते तुम्ही मागच्या वेळी कधी आणि कुठून आला होतात ते सांगायचं. चार वर्षं ती ओळ रंजितानं वाचलीच नव्हती. आपल्या उंबऱ्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं?

एका सोमवारी ती सहज वाचली गेली. मागची भेट रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. 'कुठून' ही जागा रिकामी होती.

रविवारी प्रयोगशाळेला आणि वरच्या खोलीला कुलूप होतं आणि रंजिता घरी चकल्यांची भाजणी दळत होती. पहिला संशय अर्थात संजीवनीचा. प्रोग्रामसाठी म्हणून घेतलेला आपला परवलीचा शब्द हिनं चोरून वापरला. चोराच्या मनात चोरीच आधी येते, हे त्या वेळी तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं गेटवरच्या हैबतीला गाठलं. हैबती म्हातारा, सैन्यातून आलेला, किल्ली स्वतःच्या कमरेला बांधून बसणारा.

"कोन नाय आला ताय. मांजर सुदा नाय."

मग पुण्याच्या यंत्राचं घड्याळ चुकलं असेल. तिनं ते ताडून बघितलं. घड्याळ तिच्या मनगटापेक्षा बरोबर होतं.

त्या आठवड्यात अजमल सर दोनदा वर आले. खालच्या एका रेणूचं गणित महिनाभर अडलं होतं, उत्तर दर वेळी भलतंच यायचं. ते आता सुटलं होतं. "रंजिता, तू आकड्यांची मांडणीच बदललीस," ते म्हणाले. "मला सुचलं नसतं. विचारायचं तरी एकदा."

रंजितानं काही बदललं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, आणि "म्हटलं, करून बघावं" असं म्हणून मोकळी झाली. सर गेल्यावर तिनं ते काम उघडून बघितलं. काम तिच्याच खात्यात होतं, तिच्या नावावर, रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू केलेलं. ओळींच्या मधे तिच्यासारखंच दोन रेघा मारून टिपण लिहायची पद्धत होती. फक्त सगळं नीटनेटकं होतं. जिथं तिनं कंटाळून सोडून दिलं असतं, तिथं या बाईनं सोडलं नव्हतं.

'या बाईनं' असं आपण मनात म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पडदा बंद केला.

४

आत्ता या घडीला खात्यात कोण कोण बसलंय, हे विचारायची एक आज्ञा असते. जुन्या चाळिसांतली. शुक्रवारी दुपारी रंजितानं ती टाइप केली.

दोन ओळी आल्या. रंजिता. रंजिता.

पहिलीपुढे 'महाड' लिहिलं होतं. दुसरीपुढे काही नव्हतं. प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या माणसानं शेवटची कळ दाबून किती वेळ झाला ते येतं. पहिलीपुढे शून्य होतं, कारण रंजितानं आत्ताच आज्ञा टाइप केली होती. दुसरीपुढेही शून्य.

तिनं पुन्हा विचारलं. शून्य. पुन्हा. शून्य. ती दुसरी थांबतच नव्हती. टाइप करत होती, करत होती.

खोलीत एसीचा आवाज होता. खाली कुठंतरी मोठा पंखा सुरू झाला. रंजितानं स्वतःला समजावलं, की आपलीच एखादी जुनी बैठक तिकडे तशीच उघडी राहिली असणार. फोन तुटला म्हणजे आपण निघालो, असं आपण समजतो. तिकडच्याला काय माहीत. खुर्ची मागं सरकवली नाही तर ती तशीच राहते. पण रिकामी खुर्ची कळा दाबत नाही, हेही तिला कळत होतं.

एका खात्यातून दुसऱ्याला चिठ्ठी धाडता येते. तिनं धाडली, इंग्रजी अक्षरांत. 'कोण?'

उत्तर लगेच आलं. 'येते.'

रंजिता खुर्चीसकट वळली. आता तिला पकडायचंच, या आवेशात वळली. संजीवनी मागच्या टेबलावर डबा उघडून बसली होती. एका हातात नाचणीची भाकरी, दुसऱ्या हाताची बोटं सुकटीच्या चटणीनं लाल झालेली. तिच्या समोरचा कॉम्प्युटर बंद होता.

"काय झालं ताय?"

"काही नाही."

"जेवलाव काय? या, घ्या." तिनं भाकरीचा चतकोर पुढे केला.

रंजितानं तो घेतला नाही. तिला त्या क्षणी भीती वाटली, हे खरं. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या खाली दुसरं काही जळत होतं. खातं माझं, नाव माझं, आणि काम तिचं चांगलं. इतके दिवस संजीवनी डोळ्यांत खुपत होती. आता ती संजीवनी बरी वाटावी अशी एक आली होती.

५

त्यानंतर ती ओळ ती रोज सकाळी वाचू लागली. 'कुठून'ची जागा आता रिकामी नसायची. सोमवारी तिथं वाई होतं. बुधवारी महाबळेश्वर. टेलिफोनच्या तारा पुण्याहून महाडला त्याच वाटेनं येत असतील, मधल्या एखाद्या केंद्राचं नाव उमटत असेल, असं तिनं ठरवलं. ते पटण्यासारखंही होतं. मग आपल्या ओळीपुढे 'महाड'च का उमटतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी पुण्याचं पत्र आलं. रंजिताची निवड झाली होती. अजमल सरांनी पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गेल्या दोन आठवड्यांचं तुझं काम त्यांनी स्वतः बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही."

संजीवनीनं तिचे दोन्ही हात धरले. "ताय, बरं झालं. तेवडं काम मला नसतं जमलं." तिच्या डोळ्यांत कपट शोधून शोधून रंजिता दमली. नव्हतंच.

पत्र पर्समध्ये ठेवून ती पडद्यासमोर बसली आणि आत शिरली. मागची भेट आज, सकाळी साडेदहा. कुठून, तर पोलादपूर.

पोलादपूर. तिच्या जिवात जीवच आला. म्हणजे संजीवनीच. हिचं गाव पोलादपूर. कामावर येण्याआधी तिथून बसून ही सगळी थट्टा करते, आपल्याला चढवते आणि मग पुण्याला गेल्यावर उघडं पाडणार. साडेदहाला संजीवनी समोरच बसलेली होती, ही अडचण तिनं बाजूला सारली. हिचा भाऊ असेल, मैत्रीण असेल. अर्धी रजा टाकून तिनं पोलादपूरची एसटी धरली.

त्या वेळी पोलादपुरात इंटरनेटचं दुकान एकच होतं, स्टँडसमोर, फोनबूथ आणि झेरॉक्सच्या मागं. पडद्याआड दोन कॉम्प्युटर. दुकान राजू नावाच्या तिशीतल्या माणसाचं. मुंबईत काही वर्षं काढून परत आलेला, केसांना जेल लावणारा.

रंजितानं तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "काय मॅडम, रिटर्न? काय राहिलं काय?"

"मी आत्ता येतेय," रंजिता म्हणाली. "इथून सकाळी कोण बसलं होतं?"

राजूला ती गंमत करतेय असं वाटलं असावं. तो हसला, मग हसू आवरून तिच्याकडे नीट बघायला लागला. "तुमीच की. परत दुपारी पन आलात. आता पाच मिनटं झाली उठून. 'येते' बोलून गेलात."

"कशी होती ती?"

"कशी म्हंजे?" राजू म्हणाला. "स्पीड एकदम मस्त हाय तुमची. कळांकडं बघत पन नाय."

रंजिता आयुष्यभर कळांकडे बघूनच टाइप करत आली होती.

त्यानं वही पुढे केली. येणाऱ्यानं नाव लिहायचं, सही करायची. दोन सह्या होत्या, सकाळची आणि दुपारची. रंजिताच्याच. तिची सही शेवटी घाईनं फरफटत जायची, बँकेत तिला नेहमी दोनदा करायला लावत. या दोन्ही सह्या शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण केलेल्या होत्या.

ती पडद्यामागं गेली. खुर्चीवर हात ठेवला. रेक्झिन कोमट होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळंच कोमट असतं, तिनं मनाशी म्हटलं, आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बघितला. ती गार होती.

"कुठं गेली?"

राजू आता मागं सरकला होता. बोट दाखवून तो हळू आवाजात म्हणाला, "महाडची गाडी लागलीवती. त्यात बसलात."

६

पुढची गाडी मिळायला पाऊण तास गेला. वाटेत तिनं सगळं पुन्हा जुळवून बघितलं. राजूला संजीवनीनं पढवलं असेल. सही कुणीही गिरवतं. सारखी दिसणारी माणसं असतात जगात. प्रत्येक तर्क वेगवेगळा धरला तर चांगला उभा राहायचा, पण एकापुढे एक ठेवले की गाडीच्या हिसक्यासरशी पडायचे. शेवटी तिनं पर्समधलं पत्र काढून मांडीवर उघडलं. पत्रात तिचं नाव होतं. आज आईला हे वाचून दाखवायचं होतं. बाकी काही असो, आज आईला बोलावंच लागणार होतं.

काकरतळ्याजवळ पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. घराचं दार अर्धं उघडं होतं. पडवीत दिवा लावला नव्हता, आतला पिवळा उजेड तेवढा उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला होता. खोबरेल तेल कोमट केल्याचा वास येत होता.

आत आई बोलत होती. रंजिता पायरीवरच थांबली, कारण हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. आवाज आईचाच, पण त्यातली धार गेलेली होती.

"येवडं मोठं पत्र आलं, आन् तू नाय म्हनतेस?"

"नाय गो आई. त्यांना दुसरं कोन मिळंल. मी तुला सोडून कुठं राहू?"

तो दुसरा आवाज रंजितानं एकदाच ऐकला होता, ऑफिसातल्या टेपवर, स्वतःचा. तेव्हा तिला तो आवडला नव्हता. आता तो छान वाटत होता.

ती पायरीवरून एक पाऊल बाजूला झाली आणि दाराच्या फटीतून बघितलं. आई खाटेवर बसली होती. तिच्या गुडघ्यांशी, जमिनीवर, कोणी तरी पाठ करून बसलं होतं. केस मोकळे सोडलेले, मधे सरळ भांग, आणि आईची तेलानं चमकणारी बोटं त्या भांगातून सावकाश वर-खाली जात होती. चेहरा दिसत नव्हता. तिथं खांदे होते, रंजिताचे, पण सैल सोडलेले. इतके सैल सोडायला तिला कधी जमलं नव्हतं.

ओरडावं, आत धावावं, आईला ओढून बाहेर काढावं, हे सगळं तिला सुचलं. अंगावर काटाही आला. पण त्याआधी, सगळ्याच्या आधी, तिला हेवा वाटला. इतका, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं तिच्या डोक्याला तेल लावून किती वर्षं झाली होती? की कधी लावलंच नव्हतं?

"गुनाची हाय माजी रंजी," आई म्हणाली. "तोंडावर कदी बोलले नाय. माजीच चूक."

रंजिताच्या हातातलं पत्र चुरगळलं. त्या एवढ्याशा आवाजानं आईची बोटं थांबली.

"कोन हाय गो भायेर?"

खाली बसलेलीनं मान जराशी वळवली. गालाची कड दिसली, कान दिसला. ती दाराकडे नेमकी रंजिता उभी होती तिथंच बघत होती, आणि तिला सगळं दिसत होतं. रंजितानं "आई" म्हणायला तोंड उघडलं. कुठल्याही मुलीला म्हणता येईल एवढाच तो शब्द होता, पण आतल्या आवाजानं तो तिच्या आधी उचलला.

"आई, कोनी नाय."

"मग दार लोटून घे," आई म्हणाली. "डास येतील."

तिथून कोणी तरी उठलं. बांगड्या वाजल्या, अनवाणी पावलं जवळ आली, आणि दार आतून हळूच, आवाज न करता लागलं.